पाईपचे दप्तर, विडीचे विस्मरण

धूम्रपानाच्या पाईपचा छंद बाळगणाऱ्या मंडळींनी एक काम मोठ्या चिकाटीने केले आहे, हे प्रारंभीच मान्य करावयास हवे. लंडनच्या डनहिल कंपनीच्या जुन्या सूचिपुस्तिका, डब्लिनच्या पीटरसनची किंमतपत्रके, फ्रान्समधील सेंट-क्लोद या पाईपच्या गावची चित्रे, तंबाखूच्या पत्र्याच्या डब्यांवरील लेबले, पेटंटचे कागद, मासिकांतील जाहिराती हे सारे त्यांनी जगभरच्या कपाटांतून हुडकून काढले, स्कॅन केले, सालवार लावले आणि कोणालाही पाहता येईल असे खुले ठेवले. डनहिलच्या पाईपवर उमटविलेल्या बारीक आकड्यावरून तो कोणत्या वर्षी घडला हे सांगता येते. पीटरसनच्या चांदीच्या कड्यावरील शिक्काही तीच साक्ष देतो. ब्रायरचे लाकूड भूमध्य समुद्राकाठच्या एका झुडपाच्या बुंध्याशी वाढणाऱ्या गाठीतून निघते, इतकी बारीक माहिती या डिजिटल दप्तरात मिळते. जी सहसा मिळत नाही ती दुसरीच : ती गाठ उकरणाऱ्या मजुराला, तो पाईप घासून गुळगुळीत करणाऱ्या कामगाराला त्या वर्षी आठवड्याचे किती दाम मिळाले, आणि लाकडाची भुकटी किती वर्षे त्याच्या छातीत गेली.

हा प्रश्न लंडन-डब्लिनचा म्हणून सोडून देता येणार नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातही काडेपेटीची लेबले, विडीच्या बंडलांवरील चित्रे, पितळी पानदाने, अडकित्ते, मातीच्या चिलमी जमविणारे शौकीन आहेत. हातातल्या फोनने प्रत्येक वस्तूचे छायाचित्र घेऊन डिजिटल संग्रह उभा करणे आता कोणाच्याही आवाक्यात आले आहे. त्यांनी तो अवश्य उभा करावा. परंतु तंबाखूचा आणि धुराचा इतिहास म्हणून जर केवळ ओढणाऱ्याच्या हातातील वस्तूच जपल्या गेल्या, आणि पिकविणाऱ्याचे, वळणाऱ्याचे, काडी घडविणाऱ्याचे कागद रद्दीत गेले, तर त्या संग्रहाला इतिहास म्हणता येणार नाही. ती दुकानाची काचेरी मांडणी होय.

असे का घडते, याचे उत्तर अर्थशास्त्रात आहे. ज्या वस्तूला पुनर्विक्रीची किंमत असते तिची राखण बाजार स्वतःच करतो. जुना पाईप लिलावात विकला जातो. तो अस्सल की नकली, अमुक सालचा की तमुक सालचा, हे ठरविण्यास जुनी सूचिपुस्तिका लागते. म्हणून सूचिपुस्तिकेलाही भाव येतो, आणि भाव आला की तिची काळजी घेणारे हात आपोआप निर्माण होतात. संपाच्या पत्रकाला असे गिऱ्हाईक नाही. हजेरीपट, पगाराची चिठ्ठी, युनियनची वर्गणीची पावती, कामगार न्यायालयातील कैफियतीची प्रत यांना बाजारात एकच भाव आहे, आणि तो रद्दीवाल्याच्या तराजूवर किलोने ठरतो. पाईप दुर्मिळ झाला की त्याचे मोल वाढते. पत्रक दुर्मिळ झाले की ते फक्त नाहीसे होते. मार्क्सने 'भांडवल'च्या १८६७ साली निघालेल्या पहिल्या खंडात दाखविले की, बाजारात माणसामाणसांतील संबंध वस्तूवस्तूंतील संबंधांचे रूप घेतात आणि वस्तू जणू स्वतःच्या तेजाने चमकू लागतात. छांदिष्टांचा संग्रह हे त्या चमकेचेच दप्तर आहे. बाजाराच्या हाती स्मृती सोपविली तर वस्तू उरतील आणि माणसे जातील, हा त्याचा सरळ निष्कर्ष.

मराठी मुलखात हा पक्षपात जुना आहे. तंबाखू दक्षिणेत आली आणि विजापूरच्या दरबारात रुळली. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास तेथून तंबाखू आणि रत्नजडित धूम्रनलिका घेऊन आग्र्यास गेला. बादशहाने तिचा झुरका घेतला आणि हकिमांनी हरकत घेतली, हे सारे असद बेगने लिहून ठेवले म्हणून जगाला ठाऊक आहे. त्या तंबाखूचे रोप कोणत्या शेतकऱ्याने लावले, त्याच्याकडून सारा किती घेतला, हे त्या हकिकतीत नाही. रत्नांची नोंद झाली, रोपाची झाली नाही. चारशे वर्षांनंतर तंत्र बदलले. नोंद करणाऱ्याची नजर मात्र तीच राहिली तर त्या तंत्राचे कौतुक कशासाठी करावयाचे?

कल्याणच्या पुढचेच उदाहरण घेऊ. १९२२ साली सरकारने परदेशी काडेपेट्यांवरील आयातकर वाढविला. कराची ती भिंत ओलांडून आत येण्यासाठी स्वीडिश मॅच कंपनीने १९२३ साली वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विम्को, स्थापन केली आणि अंबरनाथला कारखाना उभारला. या कंपनीमागे असलेला ईव्हार क्रूगर हा जगाचा 'काडेपेटी-सम्राट' म्हणून गाजला. अनेक देशांच्या सरकारांना कर्जे देऊन त्याने काडेपेटीचे मक्ते मिळविले. मार्च १९३२ मध्ये पॅरिसला त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली आणि मागाहून त्याच्या हिशेबांतील लबाड्या उघड झाल्या. त्याच्यावर ग्रंथ लिहिले गेले. विम्कोची 'शिप' आणि 'होमलाइट' ही नावे घरोघर पोहोचली आणि लेबले जमविणाऱ्यांच्या वह्यांत जाऊन बसली. २००५ साली ही कंपनी आयटीसीच्या ताब्यात गेली. आयटीसी म्हणजे १९१० साली कलकत्त्यात इम्पीरियल टोबॅको या नावाने स्थापन झालेली सिगारेटची कंपनी. धूर विकणाऱ्याच्याच हाती विस्तवही आला. लेबल-संग्राहकाला या प्रवासाचा प्रत्येक टप्पा चित्रांतून दाखविता येईल. परंतु गंधकाच्या आणि मेणाच्या वासात ज्यांची उमर गेली त्यांच्या पगाराचे, अपघातांचे, करारांचे आणि संपांचे कागद कोठे आहेत? 'विम्को नाका' हे नाव अंबरनाथकरांच्या तोंडी आहे. नाक्याचे नाव एवढेच काय ते कामगारांचे स्मारक असावे काय?

तंबाखूच्या मजुरांच्या बाबतीत एक उजळ उदाहरण सीमाभागात आहे, आणि त्यापासून धडा घ्यावा असे ते आहे. निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या स्त्रियांनी संघटना बांधली. त्या लढ्यावर 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपटगटाने, दीपा धनराज यांच्या दिग्दर्शनाखाली, १९८२ साली 'तंबाखू चाकीला ऊब आली' हा सुमारे पंचवीस मिनिटांचा चित्रपट त्या कामगार स्त्रियांच्या सहभागाने केला. छाया दातार यांनी याच स्त्रियांवर लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९८९ साली प्रसिद्ध झाले. सोळा मिलिमीटरच्या फितीवरील तो चित्रपट काही दशकांनी बर्लिनच्या 'आर्सेनल' या चित्रपटसंस्थेच्या साहाय्याने डिजिटल रूपात आला आणि आज तो पाहता येतो. तंबाखूच्या धुळीत काम करणाऱ्या मराठी बायांचा आवाज टिकला याचा आनंद मानावा. त्याचबरोबर तो टिकविण्यासाठी बर्लिनपर्यंत जावे लागले, ही गोष्ट महाराष्ट्रातील सरकारला, विद्यापीठांना आणि पुरोगामी म्हणविणाऱ्या पक्षांना शोभणारी नाही. त्याच निपाणीत एप्रिल १९८१ मध्ये तंबाखूला रास्त भाव मागणाऱ्या शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळ्या चालविल्या आणि माणसे मारली गेली. त्या आंदोलनाची पत्रके, सभांची टिपणे, जखमींच्या याद्या किती घरांत आणि किती वाळवीच्या पोटात आहेत, हे शोधणे अजूनही शक्य आहे. आणखी वीस वर्षांनी ते शक्य राहणार नाही.

सोलापूरकडे पाहावे. तेथे हजारो स्त्रिया विड्या वळतात. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली लढून त्यांनी कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत मिळविली आणि २००६ साली तिचे उद्घाटन झाले. त्या वसाहतीला गोदावरी परुळेकरांचे नाव आहे. ज्या ठाणे जिल्ह्यात १९४५ साली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध मान ताठ केली, त्या जिल्ह्याच्या लढ्यातील स्त्रीचे नाव सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी आपल्या दारावर लावले. लाल निशाण कोणत्या पक्षाचे, हा वाद येथे गौण आहे. श्रमिकांची स्मृती जिल्ह्यांच्या आणि पक्षांच्या सीमा कशी ओलांडते, हे त्यातून दिसते. ही स्मृती कोणत्याही लिलावात विकत मिळत नाही.

शिवाय ही केवळ स्मृतीची बाब नाही. कागद हा कामगाराचा पुरावा असतो. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने आणि १९७६ च्या कल्याणनिधी कायद्याने विडी कामगाराला काही हक्क दिले. मात्र ते पदरात पडावयाचे तर ओळखपत्र पाहिजे, कामाची नोंदवही पाहिजे. ज्या बाईने तीस वर्षे विड्या वळल्या आणि जिच्या नावाची नोंद कारखानदाराने कधी केलीच नाही, ती कायद्याच्या दृष्टीने कामगारच ठरत नाही. कल्याणनिधीसाठी विडीवर घेतला जाणारा उपकर २०१७ साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला. १९६६ चा कायदाही २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत विरून गेला. कायदे गेले की त्यांच्याखाली मिळालेल्या हक्कांची नोंदही धोक्यात येते. मोहन्याची एनआरसी २००९ साली बंद पडली, त्यानंतर तेथील कामगार आपल्या थकलेल्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे झगडत राहिले. अशा प्रत्येक झगड्यात भविष्यनिर्वाह निधीचा, ग्रॅच्युइटीचा, सेवेच्या वर्षांचा निर्णय शेवटी पिवळ्या पडलेल्या एखाद्या चिठ्ठीवर येऊन ठेपतो. छांदिष्टाचा कागद हरवला तर एक तारीख चुकते. कामगाराचा कागद हरवला तर म्हातारपणीची भाकरी जाते.

या म्हणण्यावर दोन बाजूंनी आक्षेप येतील. पहिला शौकिनांचा : छंदात राजकारण कशाला आणावयाचे? पाईप सुंदर आहे, लेबल सुंदर आहे, ते जपले, यात कोणाचे काय गेले? सौंदर्य कोणी नाकारलेले नाही. परंतु २००३ च्या कायद्याने या देशात तंबाखूच्या जाहिरातीवर बंदी घातली. त्यानंतर जुन्या जाहिराती आणि डब्यांची चित्रे कोणतीही टीप न देता, केवळ मोहक म्हणून, रांगेने मांडली तर त्या मांडणीतून इतिहास कळण्याऐवजी जाहिरातच पुन्हा चालू होते. वस्तूशेजारी तिची मजुरी, तिचा कर, तिचा रोग यांची नोंद ठेवली की तीच मांडणी ज्ञान होते. राजकारण बाहेरून आणावे लागत नाही. ते वस्तूतच असते, शौकीन ते पुसून काढतो.

दुसरा आक्षेप स्वकीयांचा आहे आणि तो अधिक प्रामाणिक आहे. सेवा दलाच्या संस्कारांत वाढलेला कार्यकर्ता विचारील : तंबाखू हे विष, विडीने, मिश्रीने, गुटख्याने गरिबांची तोंडे सडली, त्या विषाचे दप्तर कशाला जपावयाचे? या आक्षेपाला अमेरिकेतील घटनेने उत्तर दिले आहे. १९९८ साली तेथील ४६ राज्यांनी सिगारेट कंपन्यांशी समझोता केला आणि न्यायालयीन लढ्यांतून बाहेर आलेले कंपन्यांचे अंतर्गत कागद जनतेला खुले झाले. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने २००२ साली त्यांचा डिजिटल संग्रह उघडला. त्यात आज १ कोटी ४० लाखांहून अधिक दस्तऐवज आहेत. निकोटीन व्यसन लावते हे कंपन्या खासगीत जाणत होत्या आणि चारचौघांत नाकारीत होत्या, हे त्याच कागदांनी सिद्ध केले. विषाचे कागद जाळावेत अशी इच्छा विष विकणाऱ्याचीच असते. तंबाखूविरुद्ध लढणाऱ्याला तंबाखूचे दप्तर इतरांहून अधिक लागते.

महाराष्ट्राला कागद जपण्याची परंपरा नाही, असेही नाही. इतिहासाचार्य राजवाडे वाड्यांच्या माळ्यांवरून कागद गोळा करीत गावोगाव फिरले. त्यांच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. ठाण्यात विनायक लक्ष्मण भावे यांनी १८९३ साली मराठी ग्रंथ संग्रहालय स्थापन केले. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय तर १८६४ पासूनचे आहे. या मंडळींजवळ ना पैसा होता ना यंत्र. त्यांनी सरदारांचे, संतांचे आणि कवींचे कागद वाचविले, त्याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणी आहे. गिरणीचे, कारखान्याचे आणि वखारीचे कागद वाचविणारा राजवाडे मात्र कामगार चळवळीतून निघावयास हवा होता. राष्ट्रीय पातळीवर १९९८ पासून नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रमसंस्थेत भारतीय श्रमिकांचा डिजिटल अभिलेखसंग्रह चालतो. तेथे ठाण्याचे कागद पोहोचवावयाचे तरी ते आधी ठाण्यात कोणी गोळा केले पाहिजेत.

तेव्हा करावयाचे काय? यासाठी कोणत्याही क्रांतीची वाट पाहावी लागत नाही. ठाणे, कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, उल्हासनगर येथील प्रत्येक शाखेने आपल्या भागातील जुन्या युनियन कार्यालयांची आणि वृद्ध कार्यकर्त्यांची यादी करावी. घर बदलताना, पुनर्विकासात इमारत पडताना आणि माणूस गेल्यावर तेराव्यानंतर, या तीन वेळी कागद रद्दीत जातात. त्या तीन वेळी कार्यकर्त्याने दाराशी उभे राहावे. कागद हाती आल्यावर तो प्रथम कोरडा करावा, त्यातील टाचण्या काढाव्यात, कसर लागलेला गठ्ठा वेगळा ठेवावा. पावसाळी हवेत प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेला कागद कुजतो, हे लक्षात असावे. स्कॅन करताना इंचाला निदान ३०० बिंदू इतकी स्पष्टता असावी. प्रत्येक कागदाची मराठीत नोंद व्हावी : कोणाचा, कोठला, कधीचा, कोणत्या छापखान्यातला, कोणी दिला. तीन प्रती कराव्यात आणि त्यांतील एक दुसऱ्या गावी ठेवावी. मूळ कागद, स्कॅन झाला म्हणून, फेकू नये. हयात कामगारांचे पत्ते, विमा क्रमांक, आजारांच्या नोंदी खुल्या करू नयेत. अनामिक पत्रकावरही प्रकाशनानंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क असतो, म्हणून युनियनांनी आपल्या पत्रकांच्या प्रसाराची परवानगी लेखी द्यावी. ज्यांच्याजवळ कागदच नाहीत, कारण त्यांना लिहितावाचता येत नव्हते, त्या स्त्रियांचे बोलणे ध्वनिमुद्रित करावे. विडीचे पान भिजवून, कात्रीने कापून, हजाराच्या हिशेबाने वळताना छाटणीच्या नावाखाली किती विड्या मजुरीतून वगळल्या जात, हे कोणत्याही सूचिपुस्तिकेत सापडणार नाही. ते त्यांच्या तोंडूनच ऐकले पाहिजे.

आणि सरकारला सोडून देता कामा नये. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही दोन्ही शहरे २०१६ साली स्मार्ट सिटी योजनेत निवडली गेली. ज्या शहरांनी 'डिजिटल' या शब्दाचा एवढा गजर ऐकला त्यांनी आपल्या कामगारांच्या कागदांसाठी किती रक्कम बाजूला काढली, हा प्रश्न पालिकांच्या सभागृहांत विचारला गेला पाहिजे. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ग्रंथालयांना अनुदान मिळते. स्थानिक श्रमिक दप्तर राखणाऱ्या ग्रंथालयाला त्यात वेगळी तरतूद मिळावी, ही मागणी रास्त आहे. कारखान्याच्या जमिनीवर मनोरे उभारण्याची परवानगी देताना त्या कारखान्याचे हजेरीपट आणि करार सार्वजनिक ग्रंथालयाच्या स्वाधीन करण्याची अट घालावी. जमिनीचा भाव मोजणाऱ्याला ही अट जड जाणार नाही.

पाईपच्या शौकिनांशी भांडण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्या आवडीच्या वस्तूवर निष्ठा ठेवली आणि पदरचा वेळ खर्चून तिचे दप्तर रचले. ज्या चळवळीने माणसाला वस्तूच्या वर स्थान देण्याची प्रतिज्ञा केली, तिने आपल्या माणसांसाठी तेवढीही निष्ठा दाखविली नाही, ही खंत आहे. अंबरनाथच्या लेबलांचे संग्राहक लेबले सांभाळतील. त्या लेबलांमागच्या हातांचे कागद सांभाळणे पक्षकार्यकर्त्यांचे काम आहे. रद्दीवाला दर रविवारी गल्लीत येतो. त्याच्या आधी त्या दारात कार्यकर्ता पोहोचला पाहिजे.